दर चौरस किलोमीटरला ७४

गेल्या वैशाखात साडूच्या मुलाचा फोन आला. नायब तहसीलदार म्हणून निवड झाली, नागपूर विभाग मिळाला आणि पहिलीच नेमणूक भामरागड. "काका, तुम्ही तिकडं होतात ना? काय काय नेऊ सोबत?" मी म्हटलं, मच्छरदाणी ने, टॉर्च ने, बाकीचं लिहून पाठवतो. लिहायला बसलो आणि कागद वाढतच गेले. त्यातलेच हे काही.

मी १९८८ साली गडचिरोलीला कारकून म्हणून रुजू झालो. चंद्रपूरपासून २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा निघालेला जिल्हा तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा होता. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं. नेमणुकीचा कागद वाचून वडिलांनी एवढंच विचारलं, "असं काय केलंस बाबा?" गडचिरोलीला माणूस काहीतरी चुकल्याशिवाय जात नाही, अशी त्या काळची समजूत, आजही ती फारशी गेलेली नाही. मधली चार-पाच वर्षं गोंदियाकडची सोडली तर २०१९ ला निवृत्त होईपर्यंत मी तिथंच होतो. कारकून, अव्वल कारकून, पुरवठ्याचं टेबल, शेवटी नायब तहसीलदार. चुका सगळ्या स्वतःच्या केल्या, म्हणून सांगायचा थोडा अधिकार.

१. अंतर किलोमीटरमध्ये विचारू नकोस

जिल्हा उत्तर-दक्षिण लांबलचक पसरलेला. वर कोरची-कुरखेडा, खाली गोदावरीकाठचं सिरोंचा. कोरचीहून सिरोंचाला जायचं तर तीनशे किलोमीटरच्या वर रस्ता तुडवावा लागतो. जिल्ह्याचं ठिकाण वरच्या अर्ध्यात, त्यामुळे सिरोंचाच्या माणसाला जिल्हाधिकारी कार्यालय दोनशे किलोमीटर. तरी ही डांबरी रस्त्याची, एसटीची गोष्ट झाली. मोजमाप खरं बिघडतं ते डांबर संपल्यावर.

दक्षिणेतल्या एका तालुक्यात मी टेबलावर नवा होतो. एक म्हातारे आले. नातवाला वसतिगृहात घालायचं, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा. कागद पाहिले, तलाठ्याच्या अहवालावर तारीख नव्हती. मी कागद परत केले आणि सवयीनं म्हणालो, "तारीख घालून उद्या या." म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडायला आलो तर ते व्हरांड्यातच बसलेले, उशाला गाठोडं. कोतवाल माडिया जाणणारा होता. त्यानं विचारून सांगितलं, "साहेब, हे रात्री इथंच झोपले जी. यांचं गाव दोन दिवसांच्या वाटेवर आहे. मधी नदी. तुमी उद्या म्हटलं म्हणून थांबले. जाऊन परत आले असते तर पाच दिवस गेले असते."

तलाठी कुठं राहत होता? कार्यालयापासून तीन गल्ल्या सोडून. मी शिपायाला पाठवलं असतं तर दहा मिनिटांत तारीख पडली असती. ते मला सुचलं नव्हतं, कारण वर्ध्याला "उद्या या" म्हणजे खरोखरच उद्या असतं.

त्यानंतर मी टेबलाच्या काचेखाली एक यादी ठेवली: तालुक्यातली गावं आणि समोर "येऊन-जाऊन दिवस". पावसाळ्याचा रकाना वेगळा. काही गावांसमोर त्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. अर्जदाराचं गाव विचारायचं, यादीत बघायचं आणि मग ठरवायचं की काम आत्ता करायचं की चहा पिऊन आत्ताच करायचं. तू रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात ही यादी कर. कोतवालांना बसवून कर, गूगलला विचारून नको.

२. सरासरीच्या नादी लागू नकोस

जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत माणसं १०,७२,९४२. म्हणजे दर चौरस किलोमीटरला ७४. राज्याची सरासरी तेव्हा ३६५ होती. दुसरं माप हवं असेल तर गोवा घे: गडचिरोलीत जवळजवळ चार गोवे मावतात, पण माणसं एका गोव्याइतकीसुद्धा भरत नाहीत.

हे ७४ सुद्धा सारखे वाटलेले नाहीत. देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा, रेल्वेवरचं गाव; भातगिरण्या, व्यापारी, झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची कार्यालयं. दिवाळीनंतर तिथं पाय ठेवायला जागा नसते. आणि तुझा भामरागड तालुका, अख्खा मिळून छत्तीस हजारांच्या आसपास. मुंबईतल्या दोन-चार मोठ्या सोसायट्यांत मावेल एवढी वस्ती, पण गावागावांत आणि टोल्याटोल्यांत विखुरलेली. एका गावाचे तीन टोले, दोन टोल्यांमध्ये नाला, नाल्यावर रपटा असलाच तर असला.

सरकार मात्र डोकी मोजून चालतं. आदिवासी भागात २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ३ हजारांमागे एक उपकेंद्र. सपाटीवरच्या ३० हजार आणि ५ हजारांपेक्षा हा निकष सैल आहे, आणि तो सैल करणाऱ्यांचे आभारच. पण या हिशेबानं भामरागडच्या वाट्याला पुरती दोनसुद्धा आरोग्य केंद्रं येत नाहीत, एक पुरं होऊन काही लोक उरतात. म्हणून तिथं काही उभं करायचं तर दर वेळी निकष वाकवावा लागतो, त्यासाठी टिपणी लिहावी लागते, आणि टिपणी वाचणारा मुंबईत बसून विचारतो, "लाभार्थी फक्त ३८?" हा प्रश्न मी एका बैठकीत स्वतः ऐकलाय. विचारणारा वाईट माणूस नव्हता. त्याच्या समोरच्या तक्त्यात "नदी" नावाचा रकाना नव्हता, इतकंच.

विधानसभेचंही तसंच. आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी, तीन आमदार, तिन्ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव. मुंबईचे दोन जिल्हे मिळून सहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणि आमदार ३६. डोक्यांच्या न्यायानं हे बरोबरच आहे. पण अहेरीच्या आमदाराला आपल्या मतदारसंघाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला जो वेळ लागतो, त्यात मुंबईचा आमदार दिल्लीला जाऊन परत येतो.

अहेरी वेगळा जिल्हा करा ही मागणी जुनी आहे. तिथं अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आहेच. माझं मत विचारशील तर जिल्हा व्हावा. पण नव्या जिल्ह्याच्या इमारतींचं उद्घाटन आधी होतं आणि पदं भरायला वर्षं जातात, हेही मी १९८८ पासून पाहत आलोय.

३. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं

आर्थिक वर्षाबद्दल बोलत नाहीये. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस पडला की तालुक्याचे तुकडे होतात. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. इंद्रावती भरून वाहू लागली की पर्लकोटेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं, आणि माझ्या काळातला तो ठेंगणा पूल बघता बघता पाण्याखाली जायचा. तालुक्याचं गाव आलापल्लीपासून तुटायचं, आणि तालुक्यातली गावं तालुक्यापासून. एकेका पावसाळ्यात असं कितीदा व्हायचं याचा हिशेब आम्ही सोडून दिला होता.

म्हणून जे करायचं ते पाणी यायच्या आधी. नवसंजीवन योजनेत दुर्गम गावांना पावसाळ्याच्या चार महिन्यांचं धान्य आगाऊ पोचवतात. एप्रिल-मे म्हणजे पुरवठ्याच्या माणसासाठी लग्नघर: ट्रक, ट्रॅक्टर, जिथं ट्रॅक्टर जात नाही तिथं बैलगाडी, पोती मोजणं, दुकानदाराच्या सह्या. त्याच वेळी आरोग्यवाले गरोदर बायांच्या याद्या करतात. ज्यांचे दिवस पावसाळ्यात भरणार त्यांना आधीच आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात आणून ठेवायचं. नाव किती छान दिलंय. पण बाई येते ती तिची धाकटी दोन पोरं आणि सासू घेऊन, आणि सासूला रोवणीला परत जायचं असतं. याद्यांत सासू नसते.

एका वर्षी आमचं सगळं वेळेत झालं. माझ्या टेबलावरून एकही पोतं मागं राहिलं नव्हतं, आणि मी त्या वर्षी जरा तोऱ्यातच होतो. जुलैत पूर आला. पलीकडच्या एका गावाहून निरोप आला की गोदामात तांदूळ आहे पण वाटप नाही. कारण? दुकानदार बायकोच्या औषधासाठी अलीकडे आला होता आणि पाणी चढल्यामुळे अडकला. गोदामाला कुलूप. किल्ली त्याच्या कंबरेच्या करगोट्याला.

चार महिन्यांचा तांदूळ पलीकडे, किल्ली अलीकडे. मी पोती मोजली होती, किल्ल्या मोजल्या नव्हत्या.

चौथ्या-पाचव्या दिवशी गावानं बैठक घेतली आणि दाराचं बिजागर काढलं. कुलूप तसंच लटकत राहिलं. पाटील, पोलीस पाटील, अंगणवाडीची बाई सगळे हजर. कार्डावरची माणसं तोंडपाठ होतीच. प्रत्येकाला जेवढा हक्क तेवढा तांदूळ मापून दिला आणि भिंतीवर कोळशानं घराघरांच्या नावानं रेघा मारल्या. शाळेचा गुरुजी रजेवर गावी गेला होता, त्यामुळे लिहिणारा कुणी नव्हता. रेघा सगळ्यांना वाचता येत होत्या.

पाणी उतरल्यावर मी पंचनाम्याला गेलो. वरून सूचना होती, शासकीय गोदाम फोडल्याबद्दल काय कारवाई केली ते कळवा. मी भिंतीवरच्या रेघा मोजल्या, उरलेली पोती मोजली. एक किलोचाही फरक नव्हता. इतका तंतोतंत साठा मी कुठल्याही शहरातल्या गोदामात पाहिलेला नाही. अहवालात "बिजागर गंजल्याने निखळले, ग्रामस्थांनी साठा सुरक्षित ठेवला" असं लिहिलं. खोटं होतं, आणि सेवेतल्या ज्या थोड्या खोट्या वाक्यांची मला लाज वाटत नाही त्यातलं ते एक.

४. नदीपलीकडचं गाव आधी ओळखीचं कर

नकाशात नदी म्हणजे सीमा. सिरोंचात राहून बघ. प्राणहिता आणि गोदावरीपलीकडे तेलंगणा, इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. माणसं तेलुगू बोलतात, लग्नं पलीकडे होतात, कापूस-मिरचीचा व्यवहार पलीकडे, मोठा आजार झाला तर मंचेरियाल नाहीतर वरंगल. नागपूर दूरचं नातेवाईक. पूल झाल्यापासून तर हे आणखी सोपं झालंय. आणि याला नवं काय म्हणायचं? इंग्रजांच्या काळात सिरोंचा हे अप्पर गोदावरी नावाच्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला आणि हा भाग चांद्याला जोडला. जे गाव एकेकाळी स्वतःच जिल्ह्याचं ठाणं होतं ते आज जिल्ह्याच्या ठिकाणापासून दोनशे किलोमीटरवर आहे. तिथल्या म्हाताऱ्यांना हे माहीत असतं. बदलून आलेल्या साहेबांना नसतं.

मेडीगड्डा बॅरेज २०१९ मध्ये सुरू झालं ते तेलंगणाच्या शेतीसाठी. त्याच्या फुगवट्याखाली जमीन गेली ती सिरोंचाच्याही शेतकऱ्यांची. पुढं ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले आणि दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांत फोटो आले. सीमेवरच्या तहसीलला अशा वेळी दोन राज्यांच्या दोन भाषांत पत्रव्यवहार करावा लागतो, आणि तेलुगू वाचणारा एखादा शिपाई हाच तिथला सर्वात महत्त्वाचा माणूस ठरतो.

तुझ्याकडे प्रश्न वेगळा असेल. इंद्रावतीच्या अंगाला अबूझमाड, आणि दोन्ही बाजूंना तेच माडिया, तेच सगेसोयरे. रेशनकार्ड इकडचं की तिकडचं, हा प्रश्न त्यांना फक्त आपल्यामुळे पडतो.

५. नाव नीट लिही

जिल्ह्यात मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी आणि चामोर्शी-मुलचेरा भागात निर्वासित म्हणून वसवलेल्या बंगाली कुटुंबांची बंगाली. लिहिणारा कारकून मात्र बहुतेक वेळा माझ्यासारखा. माडिया नाव कानावर पडतं, आपल्याला ओळखीचं वाटेल तसं आपण ते कागदावर उतरवतो. मतदार यादीत एक, शाळेच्या दाखल्यात दुसरं, बँकेत तिसरं. पुढं तो माणूस आयुष्यभर शपथपत्रं करत फिरतो की हे तिन्ही मीच. माझ्या हातून किती माणसांची अशी तिळी झाली असतील देव जाणे.

गावाच्या नावांतही इतिहास असतो, तो पुसू नकोस. एकाच नावामागे कुठं "माल" असतं, कुठं "चक", कुठं "रै.", कुठं "तुकूम". मालगुजारी, रयतवारी, तळं बांधणाऱ्याला दिलेली जमीन, असे ते जुन्या वहिवाटीचे शिक्के. संगणकावर सातबारे चढवताना एका उत्साही मुलानं हे सगळे शेपूट समजून उडवायला घेतले होते. दोन गावं एक झाली, आणि दोघांचे फेरफार एकमेकांत.

आणि "रिठी" शब्द शिकून घे. रिठी म्हणजे कागदावर गाव आहे, पण वस्ती उठून गेली. रोगराई, दुष्काळ, वाघ, कारण काहीही. मी एकदा एका रिठीच्या चौकशीला गेलो. मनात म्हटलं, रिकामी जागा, तासाभरात आटोपेल. तिथं झाडाखाली ताज्या मातीचे घोडे आणि वाळलेलं रक्त. उठून गेलेली माणसं वर्षातून एकदा देवाला भेटायला येत होती. मी नोंदवहीत "निर्जन" लिहिलेलं खोडलं. काय लिहायचं ते मात्र सुचलं नाही.

६. जंगल म्हणजे उरलेली जागा, असं समजू नकोस

जिल्ह्याचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग वनाखाली आहे. महसूल खात्यात वाढलेला माणूस नकाशातल्या हिरव्या रंगाकडे "आपलं नाही" म्हणून बघतो. वडसा, गडचिरोली, आलापल्ली, भामरागड, सिरोंचा, असे वनविभागच पाच. शेत कुठं संपतं आणि जंगल कुठं सुरू होतं यावर आमच्या दोन खात्यांची भांडणं पिढ्यान् पिढ्या चालत आलेली, आणि त्या भांडणात ज्याचं शेत तो कुठंच नाही.

२००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा मला तो आणखी एक वाढीव काम वाटला. दावे, पुरावे, मोजणी. माझा विचार बदलला तो एका मोजणीत. वनपाल, मी, जीपीएस धरलेला मुलगा आणि गावची आठ-दहा माणसं सामूहिक हक्काची हद्द दाखवायला निघालो. पुढं चालणारा गायता, म्हणजे गावचा पुजारी, सत्तरीचा. त्याच्याजवळ कागद नव्हता. "या साजाच्या झाडापर्यंत आमचं. इथून पलीकडच्या गावाचं, कारण त्यांच्या देवीची वाट इथून जाते. त्या दगडापासून खाली मोह कुणी पण वेचावा, पण ती तीन झाडं अमुक घराची." दिवसभर तो झाडाझाडाशी थांबत होता. संध्याकाळी त्याची हद्द आणि वनखात्याचा जुना नकाशा शेजारी ठेवले. दोन ठिकाणी फरक निघाला, आणि त्यातल्या एका ठिकाणी वनपाल स्वतःच म्हणाला की नकाशा चुकलाय, नाला सरकला आहे. ज्याला मी विरळ वस्ती म्हणत होतो तिथं एकही झाड बेवारस नव्हतं.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुला ठाऊक असेलच. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळालेलं हे देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी. हक्क मिळाला तरी बांबू विकायला वाहतूक परवाना गावाच्या हातात यायला २०११ उजाडलं; दोन वर्षं बांबू गवत आहे की लाकूड यावर मोठी माणसं वाद घालत होती. मी एकदा तिथल्या ग्रामसभेत जाऊन बसलो होतो. बहुमत नाही, सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय निर्णय नाही. तीन तास बोलणं चाललं, मग ठरलं की पुढच्या वेळी ठरवू. मी मनात चडफडलो. आमच्या कार्यालयात तो विषय दहा मिनिटांत मंजूर झाला असता आणि पुढची दहा वर्षं कोर्टात गेला असता.

आता जिल्ह्यातल्या हजाराहून जास्त गावांकडे असे हक्क आहेत. १९९६ च्या पेसा कायद्यामुळे तेंदूपत्त्याचा लिलावही अनेक ग्रामसभा स्वतः करतात. मे महिन्यात फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागी, जाऊन बघ. पहाटे तोडलेली पानं, ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी, आणि घरातली सगळी माणसं बोटांनी मोजतायत. वर्षाचा रोख पैसा त्या पंधरा-वीस दिवसांत. त्या दिवसांत बैठक ठेवू नकोस. कुणी येणार नाही आणि चूक तुझी असेल.

७. मतदान तीनला संपतं

राज्यात बहुतेक ठिकाणी संध्याकाळपर्यंत, तुझ्याकडे सकाळी ७ ते दुपारी ३. अंधाराआधी पथक परत तळावर यायला हवं. काही पथकं हेलिकॉप्टरनं जातात. लोकांना वाटतं मजा. हेलिकॉप्टर उतरतं तिथून मतदान केंद्र चालत जायचं असतं. यंत्राची पेटी उन्हात आठ-दहा किलोमीटर वाहिलीस की लोकशाहीला वजन असतं हे समजतं. माझ्याबरोबर चंद्रपूरकडचे एक मास्तर होते, साखरेचा त्रास असलेले. त्यांच्या वाटणीची पेटी गावातल्या दोन पोरींनी घेतली आणि त्या आमच्या पुढं निघून गेल्या.

पाण्याची बाटली दोन ने. गोड बिस्किटं ने, स्वतःसाठी नसली तरी.

८. ताप आला तर रक्त तपास

"थकवा असेल" म्हणू नकोस. मलाही दोनदा मलेरिया झाला; दुसऱ्यांदा आठवडाभर भ्रमात मी माझ्या बायकोला "अर्ज क्रमांक काय?" विचारत होतो. ती अजून सांगते सगळ्यांना.

९. कुणाच्या गाडीत बसू नकोस

पुण्या-मुंबईचे पाहुणे पहिला प्रश्न नक्षलवाद्यांचा विचारतात. त्यावर बरंच लिहिलं गेलंय, मी भर घालत नाही. फक्त एक वहिवाट सांगतो, माझ्या आधीच्यांनी मला सांगितलेली: पोलिसांच्या वाहनातून दौरा करू नये, आणि गावात गेल्यावर काल इथं कोण आलं होतं हे विचारू नये. गावाला दोन्हीकडून विचारणारे पुष्कळ असत. परिस्थिती आता खूप बदलली आहे म्हणतात. बदलली असेल तर चांगलंच. तरी एसटी, काळी-पिवळी, नाहीतर मोटारसायकल. लोक बोलतातही जास्त.

१०. बदलीचा अर्ज खिशात ठेवून फिरू नकोस

तुला एकस्तर वेतन मिळेल, प्रोत्साहन भत्ता मिळेल. त्याच्या बदल्यात एकटा तीन टेबलं सांभाळशील. रिक्त पद आणि प्रभारी हे दोन शब्द त्या जिल्ह्यात खुर्चीपेक्षा जास्त वापरले जातात. मी एका वेळी पुरवठा, निवडणूक आणि संजय गांधी निराधार योजना पाहत होतो, आणि सही करताना कुठल्या पदनामाचा शिक्का मारायचा ते शिपाई सांगायचा.

बाहेरून आलेले बहुतेक जण दिवस मोजतात. मीही पहिली तीन वर्षं मोजले. कॅलेंडरवर फुल्या असायच्या. लोकांना ते लगेच कळतं. एका बाईनं मला तोंडावर विचारलं, "साहेब, तुमी किती दिवस आहा? तेवढ्या दिवसांचंच काम सांगतो मी." तिचं काम जमिनीचं होतं, वर्षानुवर्षांचं. तिनं मला फक्त एक नक्कल मागितली, आणि उरलेलं पुढच्या साहेबासाठी ठेवलं.

थांबायचं ठरवून आलेली माणसंही त्याच जिल्ह्यात आहेत. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ चा, म्हणजे जिल्ह्यापेक्षा वयानं मोठा. इकडं गडचिरोलीजवळ शोधग्राममध्ये बंग दांपत्यानं गावातल्याच बायांना नवजात बाळं जगवायला शिकवलं, ते काम १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढं देशभर गेलं. तू तसा हो असं म्हणत नाही. आपण नोकरदार माणसं, पोरांच्या शाळा असतात. पण आहेस तोवर तिथं राहा. शुक्रवारी दुपारची आलापल्लीची गाडी पकडणारा साहेब कोण, हे सोमवारी आलेल्या माणसाला दारातच कळतं.

कागद पाठवले, त्याला दोन महिने होऊन गेले. उत्तर नाही. जुलैत टीव्हीवर पर्लकोटेचं पाणी दाखवलं तेव्हा हिची चलबिचल सुरू झाली. फोन लावून बघा म्हणे. लागला नाही. चार दिवसांनी रात्री त्याचाच आला, आवाज तुटत होता. टेकडीवर चढून बोलतोय म्हणाला, खाली रेंज नाही.

"बरा आहेस ना?"

"आहे. काका, यादी केली, कोतवालांना बसवून. आणि गोदामाच्या किल्ल्या दोन-दोन करून एक पाटलाकडे ठेवायला लावली."

"शाबास."

"पण एका गावात दोन्ही किल्ल्या..."

पुढचं ऐकू आलं नाही. मी बराच वेळ हॅलो हॅलो म्हणत बसलो.